शालेय बास्केटबॉलचा पंच व्हायचंय? आधी टेबलावर बसा

कोल्हापुरात पंचाच्या नशिबी काय येतं, हे शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा एखादा अटीतटीचा सामना पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. बास्केटबॉलला तेवढी गर्दी नसते आणि नव्या पंचासाठी ते बरंच आहे. चूक झाली तर ती वीस-पंचवीस पोरं, दोन पीटीचे सर आणि कट्ट्यावर बसलेले चार पालक एवढ्यांतच राहते.

शालेय सामन्यांत शिट्टी घ्यायला येणारे बहुतेक जण कॉलेजात खेळलेले, बी.पी.एड. करणारे किंवा शाळेत नव्यानं लागलेले क्रीडाशिक्षक असतात. खेळ येतो, नियमही बरेच ठाऊक असतात, तरी पहिल्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरपर्यंत घसा कोरडा पडतो. कारण खेळाडू चेंडू बघतो आणि पंचाला चेंडू सोडून बाकी सगळं बघावं लागतं. ही नजर पुस्तकातून येत नाही, सामने करून येते. पण ते सामने कोणत्या क्रमानं करायचे हे महत्त्वाचं आहे. थेट १९ वर्षांखालील मुलांच्या उपांत्य सामन्यात उतरलेला माणूस पहिल्याच हंगामात शिट्टी खुंटीला टांगतो.

सामने कुठे मिळतात

शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या असतात आणि आपल्याकडे त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. गट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलं आणि मुली वेगळे. महापालिका क्षेत्राची आणि ग्रामीण भागाची स्पर्धा वेगळी होते. तिथले विजेते विभागात जातात. कोल्हापूर विभागात आपल्यासोबत सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. पुढे राज्य स्पर्धा. दहावी-बारावीच्या मुलांना खेळाचे वाढीव गुण मिळतात ते याच स्पर्धांवरून, त्यामुळे १७ आणि १९च्या गटात एकेका निकालाला घरच्यांचंही लक्ष असतं. म्हणूनच तिथे लगेच जायचं नाही.

सुरुवातीला योग्य काळ एप्रिल-मेचा. शाळांना सुट्टी असते, उन्हाळी शिबिरं चालू असतात आणि संध्याकाळी पाचनंतर शिबिराचे प्रशिक्षक मुलांचे आपापसांत सामने लावतात. तिथे शिट्टी घ्यायला कुणी तयार झालं तर त्यांना हवंच असतं. एखाद्या शाळेच्या सरांना जाऊन सांगा, ‘सर, सुट्टीत रोज संध्याकाळी येतो, सराव सामन्यांना शिट्टी घेतो, काही नको.’ कुणी नाही म्हणत नाही. याच काळात जिल्हा बास्केटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटून नाव द्या आणि पंचांचं शिबिर किंवा नियमांची उजळणी कधी आहे ते विचारा. जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्या की स्पर्धांचे कार्यक्रम लागायला लागतात. तेव्हा तुमचं नाव ‘टेबलाला बसेल असा’ म्हणून आधीच यादीत असलं पाहिजे.

पहिले दहा सामने टेबलावर

टेबलावर चौघं लागतात: गुणलेखक, त्याचा मदतनीस, वेळ पाहणारा आणि २४ सेकंदांच्या घड्याळाचा माणूस (ताबा मिळाल्यावर तेवढ्या वेळात संघानं रिंगकडे चेंडू टाकायचा असतो). शालेय सामन्यात बऱ्याचदा दोघांवरच भागतं. नवख्यानं गुणलेखकाची खुर्ची मागून घ्यावी. काम कंटाळवाणं वाटतं, पण मैदानावरचा पंच जे काही करतो ते शेवटी तुमच्यापर्यंत पोचतं आणि कोणाचं नीट पोचतं, कोणाचं नाही हे खुर्चीवरून लख्ख दिसतं.

स्कोअरशीटला दोन रंगांची पेनं लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. मैदानी बास्केटसाठी (खेळ चालू असताना पडलेल्या) चालू गुणांच्या रकान्यात तिरकी रेघ, फ्री थ्रोसाठी (फाऊलबद्दल मिळणारा, कुणी न अडवता टाकायचा चेंडू) भरीव ठिपका, आणि तीन गुणांचं बास्केट असेल तर टाकणाऱ्याच्या नंबराला गोल. क्वार्टर संपला की शेवटच्या गुणाला जाड गोल. वैयक्तिक फाऊलला पी, टेक्निकलला (धक्क्याचा नव्हे, गैरवर्तनाचा) टी, अनस्पोर्ट्समनलाइकला (खिलाडूवृत्ती सोडून केलेल्या) यू. त्याच्या शेजारी किती फ्री थ्रो दिले तो आकडा. एखाद्या खेळाडूचे चार फाऊल झाले की मनात नोंद ठेवायची, पाचव्याला तो बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या बचावातल्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो.

चुका ठरलेल्या असतात. पहिली: गोंधळात नंबर नीट न ऐकता अंदाजानं लिहिणं. नंबर कळला नाही तर कोपऱ्यातून ओरडू नका. चेंडू मृत असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, भोंगा वाजवून पंचाला बोलवा. दुसरी, खास शालेय: एकाच संघात दोन सात नंबर. जर्सी शाळेच्या कपाटातून निघते, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या सेटमधली. सामना सुरू व्हायच्या आधी यादी आणि पाठी ताडून बघितल्या नाहीत तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये कुणाचा पाचवा फाऊल यावरून वाद होतो, आणि तो वाद कधीच सुटत नाही. तिसरी: बाणाची दिशा. सामन्याच्या सुरुवातीला एकदाच जम्प बॉल होतो (पंच दोघांमध्ये चेंडू वर उडवतो). त्यात ज्या संघाला ताबा मिळाला नाही, त्याच्या बाजूनं टेबलावरचा बाण फिरतो आणि पुढच्या प्रत्येक अडकलेल्या चेंडूला बाण ज्याचा त्याला थ्रो-इन (रेघेबाहेरून चेंडू आत टाकणं). मध्यंतरात संघ बाजू बदलतात, म्हणून बाणही पंचासमोर उलटा करावा लागतो. चहा प्यायला उठलेला गुणलेखक हे हमखास विसरतो.

दहा सामने टेबलावर झाले की एक गोष्ट आपोआप होते: फाऊल झाल्यावर कुठला आकडा, कुठला प्रकार, किती फ्री थ्रो याचा विचार न करता तो हिशेब डोक्यात उमटायला लागतो. शिट्टी घेतल्यावर डोकं मोकळं राहणार ते यामुळेच.

अंगावर आणि खिशात

राखाडी शर्ट, काळी पॅन्ट, काळे मोजे, काळे बूट हा पंचाचा पोशाख. सराव सामन्यात साधा राखाडी टी-शर्ट चालतो, पण कोणत्याही संघाच्या रंगाशी मिळणारा नको. बुटांचा तळ सिमेंटच्या मैदानासाठी रबरी आणि खाचांचा घ्या. हॉलचे गुळगुळीत तळाचे बूट पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर जीव घेतात.

शिट्टी बिनमण्याची घ्या. फॉक्स ४० ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, १९८७ सालची. मण्याच्या शिट्टीत थुंकी आणि धूळ बसून मणी अडकतो, तोही नेमका नको तेव्हा. दोन शिट्ट्या ठेवा, एक गळ्यात, एक खिशात. वाजवायची सवय लावायची तर एकच, तोकडी, कडक फुंक. ‘फुर्रर्र’ अशी लांबलेली शिट्टी मुलांना घाबरलेल्या माणसाची वाटते, आणि खरं सांगायचं तर ती तशीच असते. आणखी एक, शिट्टी सतत दातात धरून पळू नका हा जुना सल्ला चुकीचा आहे. बास्केटबॉलमध्ये खेळ चालू असताना शिट्टी तोंडातच हवी, फक्त तिच्यात श्वास सोडायचा नाही.

सामन्याआधीची वीस मिनिटं

पंचांचा अधिकार सामन्याच्या वीस मिनिटं आधी सुरू होतो, तेव्हा तुम्ही अर्धा तास आधी हजर हवं. पहिलं काम मैदानावर चालत फिरणं. मोजमाप २८ बाय १५ मीटर, रिंग ३.०५ मीटर उंच. शाळेचं मैदान लहान असू शकतं, ते बदलत नाही, पण तीन गुणांची रेघ कुठे आहे, पुसली आहे का हे बघा. बऱ्याच मैदानांवर जुनी ६.२५ची आणि नवी ६.७५ मीटरची अशा दोन्ही रेघा दिसतात. कोणती धरायची हे दोन्ही प्रशिक्षकांना सुरू होण्याआधी सांगा. बास्केट पडल्यावर सांगितलं तर पक्षपात वाटतो.

पावसाळ्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवाळ. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या सिमेंटच्या कोर्टावर भिंतीकडच्या आणि झाडाखालच्या बाजूला हिरवट थर येतो. चालताना कळत नाही, वेगानं वळताना कळतं. बुटाचा तळ घासून बघा. घसरत असेल तर आयोजकांना मीठ किंवा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासून घ्यायला सांगा आणि तोवर सामना सुरू करू नका. ‘मागचा सामना झाला की इथंच’ असं कुणीतरी म्हणणारच. मागच्या सामन्यात कुणी पडलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

मग चेंडू: मुलांना ७ नंबर, मुलींना ६ नंबर. १४ वर्षांखालच्या गटात कोणता हे आयोजकांकडून आधी विचारून घ्या. मग खेळाडू: बांगड्या, कडं, कानातलं, गळ्यातला ताईत, कठीण क्लिपा काढायला लावा. कानातलं निघत नाही म्हणून चिकटपट्टी लावून आलेली मुलगी दर स्पर्धेत असते. तिच्या सरांशी किंवा मॅडमशी बोला, मुलीशी हुज्जत नको. नखंही बघा.

शेवटी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: क्वार्टर किती मिनिटांचा (नियमात १० मिनिटं, पण प्राथमिक फेऱ्या कमी वेळाच्या ठेवतात), घड्याळ थांबणार की चालू राहणार, आणि २४ सेकंदांचं घड्याळ आहे की नाही. हेच उत्तर दोन्ही प्रशिक्षकांना समोरासमोर उभं करून सांगा. चंदगड किंवा आजऱ्याकडून एसटीनं येणारा संघ अडकला तर नियम असा की ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू मैदानात नसतील तर सामना गमावला, गुण २०–०. ही घोषणा तुम्ही एकट्यानं करायची नाही. आयोजकांना सांगून, स्कोअरशीटवर वेळ लिहूनच.

कुठे उभं राहायचं

नव्या पंचाचे दहापैकी आठ चुकलेले निर्णय जागा चुकल्यामुळे चुकतात. नियम माहीत असतो, नजरही चांगली असते, पण मध्ये कुणाची तरी पाठ असते.

दोन पंचांच्या पद्धतीत एक लीड, एक ट्रेल. हल्ला ज्या रिंगकडे चालला आहे तिथे शेवटच्या रेघेबाहेर लीड, आणि चेंडूच्या थोडा मागे, डाव्या अंगाला ट्रेल. आपल्या डाव्या हाताची बाजूची रेघ ज्याची त्यानं बघायची. शिवाय लीडकडे शेवटची रेघ आणि ट्रेलकडे मधली रेघ. चेंडू उलटला की ट्रेल पळत जाऊन नवा लीड होतो आणि जुना लीड मागून येऊन ट्रेल. हे सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात मात्र चेंडू हिसकावला गेला की दोघंही एकाच रिंगखाली सापडतात.

लीडनं शेवटच्या रेघेच्या एक-दोन मीटर बाहेर उभं राहावं. रेघेवरच उभं राहिलं की समोर फक्त पोटं दिसतात. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत रेघेमागे लगेच भिंत किंवा कट्टा असतो. तिथे मागे सरता येत नसेल तर तिरकं उभं राहा, रिंगच्या खांबापासून बाजूला. ट्रेलची नेहमीची चूक उलटी: चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात गेला तरी तो मधल्या रेघेपाशी ठाण मांडून असतो. तीन-चार पावलं आत जा. फटका मारला गेला की लगेच मागे पळायची घाई करू नका; रिबाउंडमधले (रिंगवरून परत आलेला चेंडू घेतानाचे) पाठीमागून दिलेले धक्के ट्रेललाच दिसतात.

जागा बरोबर आहे की नाही ओळखायची खूण एकच: हल्ला करणारा आणि त्याला अडवणारा, या दोघांच्या मधली फट दिसली पाहिजे. फट दिसते तर स्पर्श कुणी केला ते दिसतं. फट दिसत नसेल तर एक पाऊल इकडे किंवा तिकडे. पंच सामनाभर हेच एक-एक पाऊल टाकत असतो.

फाऊल झाला, पुढे काय

इथे थोडं थांबू, कारण टेबलाला फाऊल सांगण्यात नवा पंच सगळ्यात जास्त गडबडतो.

समजा निळ्या संघाच्या २४ नंबरनं लेअप (रिंगजवळ धावत जाऊन टाकलेला चेंडू) टाकणाऱ्या मुलाच्या हातावर मारलं. शिट्टी एकदाच. त्याच क्षणी मूठ वळून हात सरळ वर, कानाला लागेल असा. इथे एक क्षण थांबा. चेंडू अजून हवेत असेल, तो रिंगमध्ये जातो का ते बघायचं राहून गेलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. गेला तर दोन गुण आणि एक फ्री थ्रो, नाही गेला तर दोन फ्री थ्रो, तीनच्या रेघेबाहेरून असेल तर तीन. मग फाऊल करणाऱ्याकडे बघून ‘निळा, चोवीस’ असं स्पष्ट म्हणा. मुलगा पाठ फिरवून गर्दीत मिसळायच्या आत पाठीवरचा नंबर वाचून घ्यायचा.

आता टेबलाकडे चला, पळत नाही, आणि सहा-आठ मीटरवर मध्ये कुणी नाही अशा जागी थांबा. उभं राहिल्यावरच आकडा दाखवा. २४साठी आधी हाताची मागची बाजू टेबलाकडे करून दोन बोटं, मग तळवा टेबलाकडे करून चार बोटं. चालता चालता दाखवलेला आकडा गुणलेखकाला कळत नाही, हे टेबलावर बसलेल्याला वेगळं सांगायला नको. मग फाऊलचा प्रकार, मनगटावर मारून दाखवा. मग दोन बोटं वर: दोन फ्री थ्रो. गुणलेखकाची मान हलली की वळा. फाऊलनंतर दोघं पंच आपल्या जागा बदलतात, त्यामुळे वळताना जोडीदाराकडे बघा.

बोनस लागल्यावरची एक चूक इतकी पाहिली आहे की वेगळी लिहावी लागते. संघाचे चार फाऊल झाल्यावर दोन फ्री थ्रो हे बचावातल्या फाऊलचे. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्याच संघानं फाऊल केला, म्हणजे चार्जिंग (बचाव करणाऱ्यावर जाऊन आदळणं) किंवा ढकलून जागा केली, तर तो संघाच्या फाऊलमध्ये मोजला जातो पण फ्री थ्रो नाही. समोरच्याला फक्त थ्रो-इन. नवा पंच इथे सर्रास दोन फ्री थ्रो देऊन मोकळा होतो, पोरंही रेघेवर जाऊन उभी राहतात, आणि चूक टेबलाच्याच लक्षात येते. ती वेळेत लक्षात आली तरच दुरुस्त होते.

फ्री थ्रोच्या वेळी रेघेच्या बाजूला जास्तीत जास्त पाच जण: बचावाचे तीन, हल्ल्याचे दोन. बाकी सगळे तीनच्या रेघेबाहेर. मोजा. मुलं नेहमी सहावा उभा करतात.

रिंगखालची टक्कर

ब्लॉक (चूक बचाव करणाऱ्याची) की चार्ज (चूक चेंडूवाल्याची), हा प्रश्न शालेय सामन्यात प्रत्येक क्वार्टरला येतो. चेंडूवाला जोरात रिंगकडे येतो, बचाव करणारा मध्ये उभा राहतो, दोघं पडतात, आणि दोन्ही बाकांवरून एकदम आरडाओरड होते. उत्तर टक्कर बघून मिळत नाही. टक्कर होण्याआधी बचाव करणारा कुठे होता, त्यावर ते ठरतं. म्हणून चेंडू आत येताना लीडची नजर बचाव करणाऱ्यावर हवी.

बघायच्या गोष्टी अशा: दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तो समोरच्याकडे तोंड करून उभा राहिला होता का? चेंडूवाला हवेत उडण्याआधी तिथे पोचला होता का? टक्कर छातीला लागली का? तिन्हीला हो असेल तर चार्ज, चेंडू समोरच्याला. खांदा बाहेर काढून किंवा गुडघा पुढे करून लागलं असेल तर ब्लॉक. सरळ वर उडी मारून हात सरळ वर ठेवलेला बचाव करणारा निर्दोष असतो, त्याच्यावर कितीही जोरात आदळले तरी. रिंगखाली १.२५ मीटरचं अर्धवर्तुळ असतं, त्यात उभं राहून चार्ज घेता येत नाही. पण आपल्याकडच्या अनेक शाळांच्या कोर्टांवर ते रंगवलेलंच नसतं. असं असेल तर सामन्याआधी जोडीदाराशी ठरवा, नाहीतर तुमचा अंदाज एक आणि त्याचा दुसरा.

आणि दोघांनी एकदम शिट्टी वाजवली तर? फक्त मूठ वर ठेवा, पुढची खूण करू नका. जोडीदाराकडे बघा. ज्याच्या भागात खेळ त्याचा निर्णय. एकानं ब्लॉक आणि दुसऱ्यानं चार्ज दाखवला की मैदानावरचं हसं संध्याकाळपर्यंत टिकतं.

१४ वर्षांखालच्या पोरांना काय द्यायचं, काय सोडायचं

लहान गटात नियम काटेकोर लावला तर मिनिटाला तीनदा शिट्टी वाजेल आणि खेळ होणारच नाही. सगळं सोडलं तर कुस्ती होईल, आणि कुस्तीसाठी कोल्हापुरात वेगळ्या जागा आहेत. मधली वाट अशी: धोका असलेलं सगळं द्या, फायदा मिळवून देणारं द्या, बाकीचं तोंडानं सांगा.

ट्रॅव्हलिंगमध्ये (चेंडू धरून नियमाबाहेर पाय हलवणं) एक प्रकार कायम दिसतो. मुलगा पास घेऊन थांबतो, मग ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटायच्या आधीच टेकलेला पाय उचलतो. हे ट्रॅव्हलिंग आहे आणि द्यायला हवं, कारण यात बचाव करणारा फसतो. पास किंवा शॉट करताना मात्र तोच पाय उचलला तरी चालतो, तो परत टेकण्याआधी चेंडू सुटला पाहिजे एवढंच. धावत असताना चेंडू पकडला तर त्यानंतर दोन पावलं मिळतात. बाकावरून ‘तीन स्टेप!’ ओरडणाऱ्यांपैकी बहुतेक जण चेंडू पकडण्याआधीचं पाऊलही मोजत असतात. चेंडू घेऊन पडणं, घसरत जाणं हे चुकीचं नाही. चेंडू धरून लोळणं किंवा उठायचा प्रयत्न करणं हे चुकीचं.

जमिनीवरच्या चेंडूवर चार पोरं पडली की शिट्टी पटकन वाजवा, बाण बघा. इथे थांबलात तर कोपरं चालतात. उलट रिंगकडे चाललेल्या खेळाडूच्या बाबतीत अर्धा क्षण उशीर चालतो: सुरुवात, मध्य आणि शेवट बघून मग शिट्टी. तीन सेकंद (हल्ल्यातल्या खेळाडूनं रिंगखालच्या चौकटीत त्याहून जास्त थांबणं) लहान गटात आधी तोंडी: ‘हिरवा नऊ, बाहेर ये.’ दोनदा सांगूनही आला नाही तर द्या. कुणाला रक्त आलं तर खेळाडू लगेच बाहेर, रक्त थांबून जखम झाकल्यावरच परत.

सरांशी बोलणं

गावात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. एका संघाचे सर तुम्हाला सातवीत शिकवणारे असतील, दुसऱ्या संघात तुमच्या गल्लीतला पोरगा असेल. आपली शाळा, आपला भाऊ, आपली तालीम असेल तर तो सामना घ्यायचा नाही, आयोजकांना आधीच सांगायचं. बाकी ओळखीला मैदानाबाहेर ‘नमस्कार सर’, आणि तो दोन्ही सरांना सारखाच. शिट्टी झाल्यावर एकाशीच गप्पा मारत उभं राहू नका, अगदी हवापाण्याच्या असल्या तरी.

खेळ चालू असताना सर ओरडले, ‘ओ पंच, ट्रॅव्हल होतं ते!’ तर उत्तर द्यायचं नाही. पुढच्या मृत चेंडूला त्यांच्या जवळून जाताना हळू आवाजात एक वाक्य: ‘सर, चेंडू धरल्यानंतर दोनच पावलं होती.’ बस्स. स्पष्टीकरण लांबलं की ते भांडण होतं. खरंच चुकलं असेल तर, ‘चुकलं सर, पुढे बघतो’ हे म्हणायला लाज नको. मात्र भरपाई म्हणून पुढच्या वेळी समोरच्याला खोटा फाऊल देऊ नका. एक चूक सगळे विसरतात, दोन मिळून हिशेब होतो.

तरी आवाज चढतच राहिला तर एकदा समोर जाऊन, हात खाली ठेवून, ‘सर, हे शेवटचं सांगणं.’ त्यानंतर टेक्निकल: समोरच्याला एक फ्री थ्रो आणि खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे. धमकी देऊन न दिलेला टेक्निकल सगळ्यात वाईट, कारण दुसऱ्या बाकावरचे सरही ते बघत असतात. खेळाडूंना हात लावून बाजूला करू नका, मुलींच्या सामन्यात तर अजिबात नाही. काही सांगायचं असेल तर कर्णधारामार्फत किंवा मॅडमच्या समोर.

पहिला हंगाम असा बांधा

उन्हाळ्यात शिबिरांचे वीसेक सराव सामने. पावसाळ्यात शालेय स्पर्धेत दहा सामने टेबलावर, आणि त्यासोबत १४ वर्षांखालच्या पहिल्या फेऱ्या, जोडीला अनुभवी पंच मागून घेऊन. दिवाळीनंतर १७ वर्षांखालील मुली, मग मुलं. मुलींच्या सामन्यात खेळ तुलनेनं जमिनीवर राहतो, डोळ्याला फट शोधायची सवय तिथे छान लागते. १९चा गट दुसऱ्या वर्षी. तोवर शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना टेबलाची कामं मिळवा, तिथे चांगले पंच जवळून बघायला मिळतात. एका दिवशी तीनपेक्षा जास्त सामने घेऊ नका. आयोजक पाच मागतील. चौथ्या सामन्यात पाय मागे राहतात आणि मग निर्णय लांबून दिले जातात.

पायांसाठी आठवड्यातून तीन दिवस रंकाळ्याची फेरी ठीक आहे, पण बास्केटबॉलचा पंच सलग धावत नाही. २८ मीटर जोरात, थांबा, उलट्या पावलांनी दहा, परत जोरात, असं वीस मिनिटं मैदानावर करा. सामन्याच्या सकाळी कटाची मिसळ टाळावी, हे अनुभवाचे बोल समजा.

प्रत्येक सामन्यानंतर वहीत तीन निर्णय लिहा: कोणता, तेव्हा कुठे उभे होता, काय दिसलं नाही. शक्य असेल तर कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा, कोपऱ्यातल्या गॅलरीतून किंवा वर्गाच्या खिडकीतून, म्हणजे पूर्ण अर्धं कोर्ट दिसेल. बघताना पहिल्यांदा आवाज बंद ठेवून फक्त स्वतःचे पाय बघा. दुसऱ्यांदा निर्णय. वहीत ‘दिसलं नाही’ला एकच जागा पुन्हा पुन्हा यायला लागली, समजा ट्रेल असताना पलीकडचा कोपरा, तर पुढच्या चार सामन्यांत तेवढंच सुधारायचं.

नियम दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) संकेतस्थळावरचं ताजं नियमपुस्तक आणि पंचांसाठीची पुस्तिका मोबाइलवर ठेवा. मित्राकडची जुनी छापील प्रत नको. पन्नासेक सामने झाले, त्यातले निदान दहा १७च्या गटातले, की संघटनेकडे राज्य पंच परीक्षेची चौकशी करा. परीक्षेत लेखी, तोंडी आणि मैदानावरची चाचणी अशा सगळ्याची तयारी ठेवा. अर्जासोबत केलेल्या सामन्यांची यादी मागितली तर द्यायला ती वही उपयोगी पडते: तारीख, गट, मैदान, जोडीदार.

आणि प्रत्येक सामन्याच्या शेवटी, मैदान सोडण्याआधी स्कोअरशीट. दोन्ही संघांचे गुण क्वार्टरप्रमाणे बेरीज करून जुळतात का, जाड गोल लागलेत का, फाऊलच्या रिकाम्या चौकटी बंद केल्या आहेत का ते बघा. टेबलावरच्या सगळ्यांच्या सह्या आधी, मुख्य पंचाची सगळ्यात शेवटी. ती झाली की तुमचा सामना संपला, मग मागून कुणी कितीही हाका मारल्या तरी.